५.१ ची खोली: पाच स्पीकरचा बेस एका सबवर आणायचा कसा?

शिवारातला_माईक (लातूर)

नमस्कार मंडळी.

लातुरात घराच्या माडीवर माझी मिक्सिंगची खोली आहे. बारा बाय दहा, उंचीही दहाच फूट, वर स्लॅब. आतापर्यंत सगळं स्टिरिओत केलं. कीर्तनं, यूट्यूबची गाणी, निवडणुकीच्या जिंगल, असलं. आता एका दोस्ताची शॉर्ट फिल्म हातात आलीय आणि त्याला ती ५.१ मध्येच पाहिजे: पुढं तीन स्पीकर, मागं दोन आणि खोल बेसचा एक सब (सबवूफर). संभाजीनगरच्या अजिंठा-वेरूळ फेस्टिव्हलला पाठवायची म्हणतोय, आणि जमलंच तर पुढं आणखी कुठं कुठं.

विषय आपल्याकडचाच. वावरात बोअर मारायलेत आणि पाणी लागंना. अर्धी फिल्म बोअरच्या गाडीच्या आवाजावर चालते: कॉम्प्रेसरचा घुमारा, हॅमरचा दणका, हवा सोडली की धुराळा उडतो तो फुफाटा. दोस्ताचं म्हणणं असं की बघणाऱ्याच्या खुर्चीला हादरा बसला पाहिजे.

सामान असं आहे. पाच जेबीएल ३०५पी मॉनिटर स्पीकर, एक दहा इंची अ‍ॅक्टिव्ह सब, आठ आउटपुटचा इंटरफेस (संगणकातला आवाज बाहेर काढणारं यंत्र) आणि मिक्सिंगचं सॉफ्टवेअर रीपर. सबच्या मागं दोन इनपुट, दोन आउटपुट. म्हणजे लेफ्ट-राइट सबमधून फिरवून मॉनिटरला नेता येतात, तिथं त्याचा ८० हर्ट्झचा क्रॉसओव्हर लागतो, म्हणजे ८० खालचं सबला आणि वरचं मॉनिटरला. इथवर समजलं. पण सेंटर आणि मागचे दोन सराउंड कुठून न्यायचे? एकजण म्हणाला, सेंटरला डायलॉग असतो, त्याला बेस कशाला, थेट जोडून टाक. मला ते पटंना.

दुसरं, एलएफई (५.१ मधला 'पॉइंट वन', दणक्यांचा वेगळा चॅनल) दहा डीबी जास्त वाजतो असं सगळीकडं वाचायलो. ते दहा डीबी द्यायचे कुठं? सबचंच बटण दहानं वाढवायचं का? आणि कुणी ८० म्हणतं, कुणी १२०. नेमकं काय धरावं?

पाच-सात चॅनलचा महागडा सब घ्यायला सांगू नका. औंदा सोयाबीनला काय भाव मिळाला, तुम्हाला ठाऊकच आहे.

टॉकीजवाला (बीड)

भाऊ, मी थिएटरचं साउंड बघतो, मिक्सिंग करत नाही. पण एक सांगतो. आमच्याकडं पडद्यामागच्या तिन्ही स्पीकरला बेस मॅनेजमेंट, म्हणजे खालचा बेस काढून सबकडं वळवणं, नसतं. मोठमोठे वूफर आहेत, ते आपलं आपलं खालचं वाजवतात. सब लागतो तो निव्वळ पॉइंट वनला. मग जे थिएटरात नाही ते घरी कशाला करत बसायचं? पाची स्पीकर थेट जोडा, एलएफई सबला द्या, कामाला लागा.

आणि हात जोडून सांगतो, एलएफई बेतानं भरा. नव्या पोरांच्या फिल्म येतात, पहिल्याच रीळात छताचे पत्रे थडथडायला लागतात. मग आम्ही आवाजाचा फेडर नेहमीच्या सातवरून पाचवर ओढतो आणि त्या नादात तुमचा डायलॉगही खाली जातो.

गोदाकाठ (नांदेड)

टॉकीजवाले भाऊ थिएटरचं सांगतात ते सोळा आणे खरं. पण त्यावरून त्यांनी काढलेलं अनुमान मी उलटं करतो. थिएटरातले स्पीकर खालपर्यंत वाजतात, म्हणूनच माईकभाऊंच्या खोलीत बेस मॅनेजमेंट पाहिजे.

३०५ चा वूफर पाच इंची. कंपनीच्याच कागदावर ४९ हर्ट्झपर्यंत सपाटी लिहिली आहे आणि ४३ ला तो दहा डीबी पडतो. त्याच्या खाली काय चाललंय ते तुम्हाला दिसणारच नाही. आता तुमचंच रेकॉर्डिंग घ्या. बोअरची गाडी, सहा सिलिंडरचं फोर-स्ट्रोक डिझेल इंजिन, ७०० आरपीएमवर मंद चालू आहे. एका फेऱ्यात तीन ठोके, म्हणजे मिनिटाला २१००, म्हणजे ३५ हर्ट्झ. हा मूळ ठोका तुमच्या लेफ्ट, राइट, सेंटर तिन्हींत बसलेला असणार. त्यात उघड्या माळावरचा वारा. त्यात माईकची काठी (बूम) धरणाऱ्याच्या हाताची हालचाल. तुमच्या मॉनिटरवर इंजिनचा फक्त वरचा खर्रखर्र ऐकू येईल, म्हणून तुम्ही ते वाढवाल. थिएटरात गेल्यावर तो ३५ चा ठोका पंधरा इंची वूफरमधून बाहेर पडेल आणि सगळे बोअरकडं न बघता पडद्याच्या खाली बघायला लागतील.

सबकडं माझी बघायची नजर अशी आहे. बेस वाढवायला तो आणलेलाच नाही. पाची चॅनलमध्ये ८० च्या खाली जे आधीपासून भरलेलं आहे ते ऐकायला आणलाय. डीजेवाल्यांकडून सब आणलेली मंडळी माझ्याकडं येतात, त्यांना हे पहिल्या दिवशी सांगतो आणि निम्म्यांचा चेहरा पडतो.

'सेंटरला बेस कशाला' म्हणणाऱ्याचं ऐकू नका. वाऱ्याची आणि 'प-फ-भ'ची सगळी घाण सेंटरमध्येच असते. पाच वावरांचा निचरा एका चारीत यावा तसा पाची चॅनलचा ८० खालचा भाग एका सबकडं आला पाहिजे. तीन वावरं सोडून दोनचाच आणला तर उरलेल्यात काय साचलंय ते कळायचं नाही.

आता करायचं कसं. सबमधून कुणालाच फिरवायचं नाही. पाची मॉनिटर इंटरफेसच्या आउटपुटला थेट. सबच्या एकाच इनपुटला चौथा आउटपुट. सबच्या मागचा क्रॉसओव्हर बंद करा. बंद होत नसेल तर जितका वर जातो तितका वर न्या. नाहीतर तीच गाळणी दोनदा लागते. बाकीचं सगळं रीपरमध्ये होतं, फुकट.

मास्टर ट्रॅक आठ चॅनलचा करा. क्रम नेहमीचा: १ लेफ्ट, २ राइट, ३ सेंटर, ४ एलएफई, ५ आणि ६ सराउंड. व्ह्यू मेनूत मॉनिटरिंग एफएक्स आहे, साखळी तिथं बांधा, मास्टरवर नको. तिथलं काहीही रेंडरमध्ये (तयार फाइलमध्ये) जात नाही, हीच त्याची गंमत.

पहिला रीईक्यू (रीपरचा स्वतःचा ईक्यू) टाका आणि त्याचा पिन कनेक्टर, म्हणजे कुठला चॅनल आत-बाहेर जातो ते ठरवणारी खिडकी, उघडा. १, २, ३, ५, ६ हे पाची चॅनल त्याच्या पहिल्या एकाच इनपुट पिनवर जोडा, दुसरी पिन मोकळी. आउटपुट फक्त ७ वर. आत दोन लो-पास (फक्त खालचं जाऊ देणारे) बँड, दोन्ही ८० हर्ट्झला, बँडविड्थ १.९. दोन का, तर एका बँडचा उतार ऑक्टेव्हला १२ डीबी असतो. दोन लावले की २४ होतो आणि ८० वर सिग्नल बरोबर सहा डीबी खाली बसतो. यालाच लिंकविट्झ-रायली म्हणतात. पलीकडून तसाच हाय-पास (फक्त वरचं जाऊ देणारा) लावला की दोन्ही बाजू एका फेजमध्ये (लहरी एकाच चालीत) येतात आणि त्यांची बेरीज सपाट निघते.

मग तो हाय-पास. तसेच दोन बँड, ८०, १.९. एक रीईक्यू १-२ वर, एक ३ वर, एक ५-६ वर. क्रम पाळा. आधी गोळा करायचं, मग कापायचं. आधी कापलं तर गोळा करायला खालचं काही उरतच नाही.

आता एलएफई. चौथ्या चॅनलवर वेगळा रीईक्यू, १२० ला लो-पास आणि वर १० डीबी गेन. तुमच्या ८० आणि १२० च्या गोंधळाचं उत्तर इथंच आहे. ८० हा मॉनिटर आणि सब यांच्यातला बांध. १२० ही एलएफई चॅनलची स्वतःची वरची हद्द. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. एलएफईला ८० ला कापलं तर ८० ते १२० मधलं जे थिएटरात वाजणार आहे ते तुम्ही कधी ऐकणारच नाही. मिक्समध्ये एलएफई बसवर १२० ची गाळणी आधीच असेल तर मात्र इथं दुसरी नको.

शेवटी आणखी एक प्लगइन, ज्याच्या एका इनपुट पिनवर ४ आणि ७ दोन्ही येतात आणि आउटपुट ४ वर जातो. हा तुमचा सब.

आता त्या दहा डीबीचं. फाइलमध्ये एलएफई इतर चॅनलसारखाच भरला जातो, वाजवताना मात्र दहा डीबी वर वाजतो. दणक्यासाठी जागा मिळावी म्हणून ही सोय केलेली. ७० एमएमच्या जमान्यात 'बेबी बूम' म्हणून जादा बेसचे चॅनल असायचे, त्यांचाच हा वंशज. हे दहा डीबी एकट्या एलएफईचे आहेत. तुम्ही सबचं बटण दहानं वर नेलंत तर पाची चॅनलमधून आलेला बेसही दहानं वर जातो. मग आजोबांचा खोकलासुद्धा हॅमरसारखा वाजतो, तुम्ही तो दाबायला सगळ्या ट्रॅकचा खालचा भाग कापत बसता आणि थिएटरात फिल्म कागदासारखी पातळ ऐकू येते. म्हणून दहा डीबी बेरजेच्या आधी, फक्त चौथ्या चॅनलवर. आणि एकदाच. काही सबला आणि मॉनिटर कंट्रोलरलाही 'एलएफई +१०' असं बटण असतं. ते चालू नाही ना, एवढं बघून घ्या.

जागेचा हिशोबही करून ठेवा. पाची चॅनलमध्ये एकच बेस एका वेळी आला तर बेरीज १४ डीबीनं वर जाते. त्यात एलएफईचे दहा. म्हणून साखळीच्या टोकाला सहाही चॅनलवर एकच व्हॉल्यूम ठेवा आणि तो २० डीबी खाली ओढूनच ठेवा. रीपर आतमध्ये फ्लोटिंग पॉइंटवर चालतं, मधे कुठं लाल दिवा लागला तरी नुकसान नाही. इंटरफेसच्या दारातून बाहेर पडताना शून्याखाली असलं म्हणजे झालं. कमी पडलेला आवाज मॉनिटरच्या मागच्या बटणांवर भरून काढा.

लेव्हल. पिंक नॉइज (चाचणीचा सलग खळखळाट), −२० डीबी एफएस आरएमएस, एका वेळी एक स्पीकर, आवाजाचा मीटर सी-वेटिंग आणि स्लोवर. मोठ्या डबिंग थिएटरात पडद्याचा प्रत्येक स्पीकर ८५ डीबीला लावतात. बारा बाय दहाच्या खोलीत ८५ वर तासभर बसलात तर दुसऱ्या दिवशी कीर्तनही ऐकवणार नाही. ७६ ते ७९ मध्ये एक आकडा धरा आणि तोच कायम ठेवा. थिएटरसाठी मिक्स असेल तर दोन्ही सराउंड पुढच्यांपेक्षा ३ डीबी खाली, घरच्या ऐकण्यासाठी असेल तर पाची सारखे.

सब मात्र मीटरवर लावू नका. मोजणीचं सॉफ्टवेअर आरईडब्ल्यू फुकट मिळतं, कॅलिब्रेशन फाइल असलेला मोजणीचा माईक कुणाकडून तरी आणा. मोबाइलचा माईक खाली धड ऐकत नाही. सेंटरला पिंक नॉइज सोडा, त्यातला आरटीए (कुठल्या हर्ट्झला किती आवाज ते दाखवणारा आलेख) बघा, आणि सबचं बटण असं लावा की ८० च्या दोन्ही बाजू एका पातळीवर येतील. बटण लागलं की त्यावर चिकटपट्टी मारा. मग एलएफईला तोच नॉइज सोडा. ३० ते १०० च्या पट्ट्यात रेषा सेंटरच्या रेषेपेक्षा दहा डीबी वर दिसली पाहिजे. साध्या मीटरवर हा फरक जेमतेम चारच डीबी दिसतो, कारण एलएफईचा पट्टा अरुंद आणि सेंटरचा अख्खा. तो चारचा आकडा बघून घाबरून आणखी सहा वाढवू नका.

शिवारातला_माईक (लातूर)

दादा, लै उपकार झाले. साखळी तुम्ही सांगितली तशीच बांधली, चालायलीय. माईक उदगीरच्या एका दोस्ताकडून आणला.

आता नवीन दोन गोष्टी दिसायल्यात. सबला एकट्याला स्वीप (खालून वर सरकत जाणारा चाचणीचा सूर) दिला की ५६ च्या आसपास मोठा डोंगर येतो, बारा डीबीचा तरी असेल. आणि सेंटर व सब एकत्र वाजवले की ८० ला खड्डा. एकेकटे वाजवले तर दोघंही तिथं ठीक दिसतात. सब खोलीच्या पुढच्या कोपऱ्यात आहे, माझ्या डोक्यापासून २.६ मीटर. सेंटर १.४ मीटरवर.

घरी कापसाच्या गाद्या पडून आहेत, त्या भिंतीला लावू का? आणि स्वीप ३५ च्या आसपास आला की खालच्या खोलीतलं लोखंडी कपाट आणि मांडणीवरचे डबे वाजायलेत. आई जिन्यात येऊन उभी राहिली.

गोदाकाठ (नांदेड)

आईला सांगा, स्वीप म्हणजे फार तर अर्ध्या मिनिटाचा खेळ. कपाटाच्या दारात रबराची पट्टी घाला, मांडणीचं मात्र डबे उतरवल्याशिवाय जमायचं नाही. हे थट्टेनं म्हणत नाही. ३५ ला कपाट वाजलं की तुम्हाला वाटतं फिल्ममध्येच काहीतरी वाजतंय, आणि ते शोधण्यात तुमची रात्र जाते.

५६ चा डोंगर तुमच्या खोलीचा आहे, सबचा नाही. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. आवाजाचा वेग ३४३ धरला तर त्याला दोनदा ३.०५ नं भागा, ५६ येतात. आणि तुमची रुंदीही दहा, उंचीही दहा. दोन्हींचा पहिला मोड (समोरासमोरच्या भिंतींत घुमून वाढणारा सूर) एकाच जागी एकमेकांच्या खांद्यावर बसलाय. बारा फुटांचा वेगळा, ४७ ला. जुन्या माळवदाच्या घरात मातीच्या जाड भिंती आणि लाकडाचं छत असल्यामुळं हा त्रास वेगळ्या तऱ्हेचा असतो. सिमेंटचा चौकोनी डबा मात्र बेसला सोडतच नाही.

गाद्या लावा, डायलॉगची खणखण कमी होईल. ५६ ला त्यांचा उपयोग नाही. त्या लहरीची लांबी सहा मीटर आहे, चार इंच कापसाला ती विचारतसुद्धा नाही. इन्सुलेशनचं सामान विकणाऱ्यांकडं रॉकवुलच्या लाद्या मिळतात, त्यांनी कोपरे जमिनीपासून छतापर्यंत फूटभर जाडीनं भरले तर थोडा फरक पडतो. पण त्याआधी सब हलवा. कोपऱ्यात सगळे मोड एकदम जागे होतात. सब उचलून तुमच्या खुर्चीच्या जागी ठेवा, त्यावर बेसचा सलग नॉइज लावा आणि माईक भिंतीच्या कडेकडेनं जमिनीलगत फिरवा. जिथं रेषा सगळ्यात सपाट, तिथं सब. बहुतेक पुढच्या भिंतीच्या मध्याजवळ कुठंतरी निघेल, कारण रुंदीचा पहिला मोड तिथं उठत नाही. उंचीचा राहील. उरलेला डोंगर ईक्यूनं कापा, सबच्या वाटेवर एक बँड, फार टोकदार नको. खड्डा मात्र ईक्यूनं भरायला जाऊ नका. मोडच्या खड्ड्यात कितीही डीबी ओता, ते तिथल्या तिथं रद्द होतात आणि सबचा अ‍ॅम्प्लिफायर तापतो.

टोकदार नको याला आपल्याकडं आणखी एक कारण आहे. तापमान १० अंशांनी वाढलं की आवाजाचा वेग सेकंदाला सहा मीटरनं वाढतो. जानेवारीत २५ अंशांत मोजलंत, मे महिन्यात लाइट गेली आणि खोली ४२ ला पोचली, तर वेग ३४६ वरून ३५६ च्या जवळ जातो आणि तुमचा ५६-५७ चा मोड ५८ च्या वर सरकतो. सुईसारखा ईक्यू मग जागा सोडून टोचत बसतो. मुंबईच्या एसीतल्या मंडळींना हे सांगितलं की हसतात.

आता ८० चा खड्डा. एकेकटे बरे आणि जोडीनं बिघडतात, म्हणजे दोघांची वेळ जुळत नाही. तुमच्या आकड्यांनी सब १.२ मीटर लांब आहे. त्याचे साडेतीन मिलिसेकंद. त्यात सबच्या आतल्या गाळण्यांचा स्वतःचा उशीर. सबला पुढं ओढता येत नाही, म्हणून मॉनिटरना मागं थांबवायचं. सगळ्यात लांब सब, त्याच्याशी बाकी पाची जुळवा; प्रत्येकाचं अंतर वेगळं, म्हणून प्रत्येकाचा डिले वेगळा. रीपरमधलं टाइम अ‍ॅडजस्टमेंट डिले या कामाला पुरतं. चित्राशी मेळ जाईल अशी भीती बाळगू नका, २४ फ्रेमला एक फ्रेम जवळपास ४२ मिलिसेकंदांची असते.

आकड्यानं जवळ पोचलात की कानानं आणि माईकनं पक्कं करा. सबची पोलॅरिटी (प्लस-मायनस) मुद्दाम उलटी करा, सेंटरला ८० हर्ट्झचा साइन (एकच शुद्ध सूर) सोडा आणि डिले थोडा थोडा सरकवत जा. आवाज जिथं सगळ्यात जास्त पडेल तिथं थांबा. मग पोलॅरिटी सुलटी करा. सगळ्यात मोठी बेरीज तुम्हाला तिथंच मिळते. उलटीत खड्डा शोधणं सोपं असतं, सुलटीत शिखर शोधताना कान फसतो. आधी सब हलवा, मग हे करा. उलट्या क्रमानं केलंत तर पुन्हा करावं लागेल.

परभणीकर_वायरमन

मधेच बोलतो. सब जोडला की बऱ्याच जणांना ५० हर्ट्झची हम ऐकू यायला लागते. आधीही असते, छोट्या मॉनिटरवर कळत नाही. सगळं सामान एकाच बोर्डावरून चालवा, इंटरफेसपासून सबपर्यंत बॅलन्स्ड केबल वापरा. प्लगची तिसरी पिन काढून हम घालवणारे लोक आहेत, तसलं बिलकुल करू नका. जीव जातो.

आणि घराचं अर्थिंग बघून घ्या. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, खड्डा कोरडा पडला की अर्थिंग नावालाच राहतं. कोळसा-मीठ घातलेला खड्डा असेल तर मार्चपासून त्यात अधूनमधून पाणी ओतत जा. पाणी कुठून आणायचं हा प्रश्न वेगळा.

शिवारातला_माईक (लातूर)

सब पुढच्या भिंतीच्या मध्याच्या थोडा डावीकडं निघाला. डोंगर निम्म्यावर आला, खड्डा जवळजवळ गेला. आणि सेंटर ऐकून थक्क झालो. आजोबा बोलत असताना खाली सतत एक घुर्रर चालू आहे, ती आतापर्यंत माझ्या कानावर कधीच आली नव्हती. दोस्त म्हणतोय शूटिंगच्या जनरेटरची असंल.

आता शेवटचा प्रश्न. एलएफईत टाकायचं काय? मला वाटायलं की बोअरच्या सगळ्या ट्रॅकची एकेक कॉपी करून, १२० ला लो-पास लावून एलएफईला पाठवावी.

गोदाकाठ (नांदेड)

जनरेटरची असेल तर ५० च्या खालीच बहुतेक सापडेल. डायलॉगला ७०-८० चा हाय-पास लावा, आजोबांचं काही बिघडत नाही.

कॉपीचा बेत सोडा. एकच आवाज मेनमध्ये (एलएफई सोडून बाकी पाच चॅनलमध्ये) जसाच्या तसा आणि एलएफईत लो-पास लावून, असं केलं की गाळणीमुळं दुसऱ्याची फेज फिरते. थिएटरात पडद्याचा स्पीकर आणि सब दोघंही तो वाजवतात आणि मधल्या पट्ट्यात एकमेकांना खातात. घरच्या एव्ही रिसीव्हरवर तर दोन्ही एकाच सबमध्ये येऊन बेरीज होते, तिथं हे आणखी उघडं पडतं. तुम्ही दणका द्यायला गेलात आणि दणकाच गेला, असं होतं.

माझी रीत अशी. कॉम्प्रेसरचा घुमारा पूर्ण मेनमध्ये. तो सतत चालणारा आवाज आहे, लेफ्ट-राइटमध्ये पसरवा, थोडा सराउंडला द्या. सतत चालणारा आवाज एलएफईत घातला की पाच मिनिटांत बघणारा त्याला सरावतो आणि टॉकीजवाल्या भाऊंचे पत्रे मात्र फिल्मभर वाजत राहतात. एलएफईत हॅमरचा दणका तेवढा, तोही प्रत्येक नाही. पहिल्यांदा हॅमर खडकाला लागतो तेव्हा. आणि शेवटी पाणी न लागता गाडी बंद होते, तिथं एलएफई आधीच रिकामा असला तर ती शांतता जास्त बोचते. दणक्यासाठी मेनची कॉपी न घेता वेगळाच आवाज घ्या. जमिनीवर ठेवलेल्या माईकचा ट्रॅक असेल तर उत्तम, नसेल तर साइनवर एन्व्हलप (आवाजाचा चढउतार) चढवून स्वतः बनवा.

एक लक्षात ठेवा, ५.१ चं स्टिरिओ करताना (डाउनमिक्समध्ये) एलएफई बहुतेक ठिकाणी सरळ टाकून देतात. म्हणजे पुढं ही फिल्म यूट्यूबवर गेली तर मोबाइलवर तो चॅनलच नसणार. एलएफई बंद करून फिल्म एकदा अथपासून इतिपर्यंत बघा. गोष्ट कळली आणि हॅमर हॅमरच वाटला, तर तुमचं मिक्स उभं आहे.

टॉकीजवाला (बीड)

गोदाकाठ भाऊंनी माझं अनुमान उलटं केलं ते केलं. पण पोरानं घुर्रर सापडली म्हटलं तेव्हा मलाही कळलं की हे कशाला करायचं. आमच्या हॉलमध्ये ती रोज कुणा ना कुणाच्या फिल्ममध्ये ऐकतो.

तुमच्या गावातल्या एखाद्या थिएटरवाल्याला विचारा, सकाळच्या पहिल्या शोआधी हॉल मोकळा असतो. डीसीपी (थिएटरात चालणारी फिल्मची डिजिटल प्रत) घेऊन जा आणि फेडर सातवर ठेवूनच ऐका. मधल्या रांगेत एकदा आणि मागच्या भिंतीजवळ एकदा. भिंतीजवळ बेस नेहमी जास्तच वाटतो, त्यावरून निर्णय घेऊ नका.

शिवारातला_माईक (लातूर)

करतो दादा. डीसीपीवाल्याला फाइल कशी द्यायची?

गोदाकाठ (नांदेड)

सहा वेगवेगळ्या मोनो वेव्ह, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, सगळ्या एकाच फ्रेमला सुरू होणाऱ्या आणि एकाच लांबीच्या. नावात चॅनल लिहा. क्रम लेफ्ट, राइट, सेंटर, एलएफई, लेफ्ट सराउंड, राइट सराउंड. हे त्याला फोनवर न सांगता लिहून द्या. सेंटर आणि एलएफईची अदलाबदल झालेली डीसीपी मी ऐकलेली आहे, आजोबा सबमधून बोलत होते. फिल्म २५ फ्रेमला कापली असेल आणि डीसीपी २४ ला करणार असतील तर ऑडिओची लांबी बदलते, ते आधी विचारून घ्या. रेंडर मास्टरमधून काढा, मास्टर आठ चॅनलचा आहे म्हणून रेंडर करताना सहाच चॅनल निवडा. मॉनिटरिंग एफएक्समधले दहा डीबी फाइलमध्ये जात नाहीत. जायलाही नकोत, ते थिएटरचा प्रोसेसर देतो.